स्वस्त विजेची वेळ कशी गाठावी : नवागामकरांसाठी प्राथमिक धडे

ज्या घरी वेळेनुसार विजेचा दर बदलतो, त्या घराने दरांची तुलना करून बचत करावी, असा सल्ला हल्ली जो तो देतो. तो कसा अमलात आणायचा, हे सांगायला कुणी थांबत नाही. म्हणून हे धडे. ते नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यातल्या, म्हणजे धुळे-जळगाव-नंदुरबारहून येऊन सुरतेत संसार मांडलेल्या मंडळींसाठी आहेत. साहित्य : गेल्या वर्षाची लाईट बिलं, चष्मा, कॅल्क्युलेटर आणि गावाकडे असलेला एक भाऊ.

पहिली पायरी, कंपनी निवडणे. ही पायरी ब्रिटनमधल्या लोकांसाठी आहे. तिथे 1978 पासून 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आहे, त्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त. आता तर दर अर्ध्या तासाला भाव बदलणाऱ्या योजनाही मिळतात, आणि एक कंपनी आवडली नाही तर घरबसल्या दुसरी धरता येते. आपल्याकडे खांबावरून तार कुणाची आली आहे, यावर सगळं ठरतं. सुरतेच्या काही भागात टोरंट, बाकी दक्षिण गुजरात वीज कंपनी. बिलावरचं नाव वाचा. झाली निवड.

दुसरी पायरी, गावाकडे फोन. हा भाऊ महावितरणचा ग्राहक असला पाहिजे आणि त्याच्या घरी स्मार्ट मीटर बसलेला हवा. कारण महाराष्ट्रात 2025 च्या जुलैपासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सवलत लागू झाली. फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा, दुसरा पावसाचा, आणि मग एकदम : "मंग, कितला पैसा वाचनात?" समोरून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, तर रेंज गेली असं समजू नका. भाऊ हिशेब करतोय.

मधल्या वेळात सवलतीमागचं कारण समजून घ्या. दुपारी सौर पॅनेलं भरपूर वीज देतात, सूर्य कलला की ती मंदावतात, आणि नेमकं तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू होतात. काक्रापारच्या अणुभट्ट्या दिवसरात्र एकसारख्या चालतात, संध्याकाळपुरत्या त्या वाढवता येत नाहीत. उकाईचं 300 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र हवं तेव्हा सुरू करता येतं, पण धरणाचं पाणी काही फक्त विजेसाठी नाही. तेव्हा पुरवठा हलवता येत नसेल तर माणसं हलवा, असं ठरलं. केंद्राने जून 2023 मध्ये नियम बदलले : उन्हाच्या तासांत दर 10 ते 20 टक्के कमी, गर्दीच्या तासांत तेवढाच जास्त. शेती वगळता सगळ्यांसाठी 1 एप्रिल 2025 ही मुदत, मात्र स्मार्ट मीटर बसल्यावरच.

इथे लूमवाल्या शेठकडे वर्षानुवर्षं काम केलेले काका मध्येच बोलतील की वीज रात्री स्वस्त असते, सगळ्या जगाला माहीत आहे. त्यांना खोडू नका. महाराष्ट्रातल्या मोठ्या कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा सवलत मिळायचीच. ती स्वस्ताई आता रात्रीतून उठून दुपारी येऊन बसली आहे. काकांना एवढं सांगा आणि चहा पुढे करा.

तिसरी पायरी, आपला मीटर पाहणे. जिन्याखाली, चपलांच्या ढिगाच्या वर, जाळं झटकून. स्मार्ट नसेल तर त्याला फक्त आकडा कळतो, वेळ कळत नाही. पहाटे तीनचं युनिट आणि दुपारी तीनचं युनिट त्याला सारखंच. स्मार्ट मीटरचा विषय इथे जरा बेतानेच काढा. 2024 च्या मे महिन्यात प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध वडोदऱ्यात आणि सुरतेत लोक रस्त्यावर आले होते, आणि सरकारला हात आखडता घ्यावा लागला होता.

चौथी पायरी, कामं हलवणे. ही मुख्य पायरी, म्हणून सावकाश वाचा.

घरातल्या यंत्रांचे दोन ढीग करा : हलणारी आणि न हलणारी. पंखा हलत नाही, कारण उकाडा वेळ बघून येत नाही. फ्रिज हलत नाही. दिवा दुपारी लावून उपयोग नाही. पाण्याची मोटर हलू शकते असं वाटेल, पण ती लावायची ती नळाला पाणी आल्यावर, आणि नळाची वेळ महापालिका ठरवते. उरलं वॉशिंग मशीन आणि इस्त्री.

आता कॅल्क्युलेटर. धुण्याच्या एका फेरीला साधारण अर्धं युनिट. महिन्याला पंधरा फेऱ्या म्हणजे साडेसात युनिटं, गुणिले 80 पैसे, सहा रुपये. इस्त्रीचे तीन-साडेतीन धरा. पाण्याची वेळ चुकून दुपारची निघाली तर मोटरचे आणखी सहा. एकूण पंधरा-सोळा रुपये महिना, आणि तेही भावाच्या गावच्या दराने. सुरतेत यात लोचोची प्लेट येणार नाही.

शिवाय दुपार रिकामी आहे, हे कुणी सांगितलं? नवागामच्या गल्ल्यांमध्ये दुपारी दारादारांत साड्यांचे गठ्ठे उघडलेले असतात. वहिनी मांडी घालून लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, धागे कापतात. पैसे नगावर. तीन साड्या कमी झाल्या की दुपारच्या धुण्याची बचत गेली. दरपत्रकात हा रकाना नाही. तो तुम्ही पेन्सिलने आखा.

या योजनेचा आदर्श ग्राहक मात्र आपल्याच गल्लीत राहतो, याचा अभिमान बाळगा. तो म्हणजे रातपाळीचा लूम कारागीर. बारा तास उभं राहून सकाळी घरी येतो आणि ऐन सवलतीच्या वेळात पंखा पाचवर ठेवून झोपतो. त्याने एकही तक्ता वाचलेला नाही.

पाचवी पायरी खरं तर या धड्यांच्या विषयात बसत नाही, पण पैसे तिच्यातच आहेत. घड्याळ सोडा आणि टप्पे बघा. दक्षिण गुजरात कंपनीच्या घरगुती दरात महिन्याची पहिली 50 युनिटं 3 रुपये 5 पैशांनी, पुढची 50 साडेतीनने, त्यापुढची 150 युनिटं 4 रुपये 15 पैशांनी, आणि 250 च्या वर 5 रुपये 20 पैसे. वर इंधन अधिभार, शहरात 15 टक्के वीज शुल्क. बिल दोन महिन्यांचं येतं, तेव्हा युनिटं दुप्पट दिसतील, छातीत धस्स होऊ देऊ नका. गावाकडे पायरी याहून उंच आहे : 100 युनिटांच्या पुढे महावितरणचा दर दुपटीच्याही वर जातो. भावाने 80 पैशांच्या मागे पळण्यापेक्षा 101 वं युनिट अडवावं.

अडवायचं कसं? छताकडे बघा. जुना पंखा 75 वॉटचा. रोज वीस तास चालला तर महिन्याला 45 युनिटं. बीएलडीसी पंखा साधारण 30 वॉटचा, म्हणजे 18 युनिटं. फरक 27 युनिटांचा. 4 रुपये 15 पैशांनीच धरला तरी महिन्याला 112 रुपये, अधिभार वेगळा. धुणं सकाळीच होऊ द्या.

भाडेकरूंसाठी वेगळी सूचना. तुमच्या खोलीबाहेर जो छोटा मीटर आहे तो कंपनीचा नाही, घरमालकाचा आहे. त्याला टप्पे नाहीत, वेळ नाही, सवलत नाही. युनिटला एकच भाव, तोही घरमालक सांगेल तो. उद्या इमारतीच्या मोठ्या मीटरला दुपारची सवलत लागू झाली, तर तुम्ही दुपारी धुतलेल्या कपड्यांचे पैसे वाचतील ते मालकाचे. याबद्दल त्यांना विचारायला हरकत नाही. विचारताना नम्रपणे विचारावं, आधी जय श्रीकृष्ण म्हणावं, आणि पुढच्या महिन्याचं भाडं दुसऱ्या हातात तयार ठेवावं.