हंडा बसेल अशी जीप

खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० झालं. आता म्हणे इथे बनलेल्या खेळण्यातल्या गाड्या निर्यात होऊन परदेशी पोरं चालवणार. चालवोत बापडी! इकडे मुरबाडच्या म्हसा यात्रेत बैलबाजारापलीकडे बॅटरीवर चालणारी लाल जीप मांडलेली दिसते. नातू स्टिअरिंग धरून बसतो, आजोबा किंमत ऐकून बैलाचे दात पुन्हा मोजायला जातात. शेवटी पायानं ढकलायचा प्लास्टिकचा घोडा घरी येतो. त्याला चार्जिंग लागत नाही, आणि लाईट तरी कुठे असते? शहापुरातली मागणी निराळी. इथल्या भातसा-तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं, उन्हाळ्यात पाड्यावरची पोरं टँकरमागे धावतात. मागे दोन हंडे बसतील अशी जीप काढा, माल निर्यातीला उरायचाच नाही.