फाइलीचा सातबारा

एका भांड्यांच्या कंपनीच्या वेबसाइटवर गेला आठवडाभर २४ कुकर शिल्लक दिसत होते. गोदामात एकही नव्हता. गिऱ्हाइकं पैसे भरत होती, वेबसाइट आभार मानत होती, आणि कस्टमर केअरची मुलगी 'सर, सिस्टीमचा इश्यू आहे' हे इतक्या वेळा म्हणाली की आता घरी भाजी करपली तरी तेच म्हणते म्हणे.

व्यवस्था तशी साधी. रात्री दोनला क्रॉन नावाचा इमानी गडी उठतो आणि नेमून दिलेली कामं एकेका खात्याच्या नावानं सुरू करून देतो. गोदामाचा साठा एका फाइलीत उतरवून वेबसाइटसमोर ठेवायचा; दिवसभराच्या ऑर्डरींची फाइल उचलून गोदामाला द्यायची आणि उद्यासाठी नवी कोरी मांडायची. १९७९ सालच्या युनिक्समध्येही क्रॉन होता. तेव्हापासून ना बढती, ना दिवाळीची रजा.

आठवडाभर रोज दोनला काम सुरू होई, साठ्याची फाइल लिहायला घेई, आणि 'परमिशन डिनाइड' ऐकून थांबे. क्रॉन तक्रारही नेमानं टपालात टाकत होता. पण ती जायची ज्या खात्याच्या नावानं काम चालतं त्याच्या पेटीत, आणि ते खातं कोणा हाडामांसाच्या माणसाचं नव्हतंच.

मीटिंग बसली. साहेबांनी मुद्द्याला हात घातला. "परमिशन नाही म्हणतंय ना? मग देऊन टाका!"

"कुणाला, सर?"

"सगळ्यांना!"

असा ७७७ जन्माला येतो. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. एक सात मालकाला, एक गटाला, एक उरलेल्या जगाला. निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही एवढं औदार्य नसतं. सर्व्हरवाल्या दादांनी आज्ञा शिरसावंद्य मानून अख्ख्या फोल्डरवर, आतल्या सगळ्या पोटफोल्डरांसकट, सात-सात-सात ओतलं. त्या रात्री साठा उतरला. साहेबांनी ग्रुपवर अंगठा टाकला.

सकाळी नवे भाव गायब. त्याच फोल्डरच्या पोटात पुरवठादाराकडून भाव आणणारी एसएसएचची खाजगी किल्ली होती. एसएसएच ही जुन्या वळणाची बाई. किल्ली चारचौघांना वाचता येते असं दिसलं की ती किल्लीला हातच लावत नाही. साठा खरा, भाव शिळे.

मग नव्यानं लागलेल्या एका मुलीनं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: फाइलीचा सातबारा काढला. 'एलएस' या आज्ञेपुढे डॅश आणि एल लिहिलं की उतारा हातात पडतो. कब्जेदार कोण, गट कुठला, इतर हक्क काय, सगळं एका ओळीत. तलाठ्याला चहा पाजावा लागत नाही. साठ्याच्या फाइलीवर कब्जेदार म्हणून नाव होतं खुद्द रूटचं, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याचं! मागच्या आठवड्यात दादांनी 'जरा चालतंय का बघू' म्हणून जुनी फाइल पुसली होती आणि साठ्याचा भाग सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकारानं, हातानं चालवला होता. चाललं. रूटचं काय चालत नाही? पण नवी फाइल रूटच्या नावावर चढली, आणि रोजचा कसणारा स्वतःच्याच वावराच्या बांधावर उभा राहिला.

मुलीनं फेरफार केला. चोऊननं फाइल कामाच्या खात्याच्या नावावर, किल्लीला ६००, फोल्डरला २७७५, म्हणजे आत जन्मणारी प्रत्येक फाइल फोल्डरचाच गट लावेल, आणि स्क्रिप्टमध्ये यूमास्क ००२, म्हणजे गटाला लिहिताही येईल. वेबसाइटचं खातं त्या गटात होतंच. शिवाय दादांना तिनं हळूच सुचवलं की हातानं चालवून बघायचं तर सुडोपुढे 'डॅश यू' आणि त्या खात्याचं नाव लिहा. दादांना ते फारसं आवडलं नाही. आपण रूट असताना दुसऱ्याच्या नावानं का वावरावं?

सगळं सुरळीत झालं, म्हणजे परिपत्रक निघणं आलंच. साहेबांनी लिहिलं की खात्यांचा हा घोळ कायमचा मिटावा म्हणून रात्रीचं काम यापुढे थेट रूटच्या नावानं चालेल. आणि यूमास्क वगैरे अनावश्यक ओळी स्क्रिप्टमधून काढाव्यात. दादांनी दोन्ही गोष्टी तत्परतेनं केल्या.

त्या रात्री काम बिनबोभाट झालं. साठा अचूक, भाव ताजे. ऑर्डरींची जुनी फाइल उचलली गेली, नवी कोरी मांडली गेली: मालक रूट, परवानगी ६४४. वेबसाइटला ती वाचता येत होती, फक्त लिहिता येत नव्हती.

दुपारपर्यंत एकही ऑर्डर नोंदली गेली नाही. साहेबांनी तातडीनं मार्केटिंगला बोलावून घेतलं, आणि चार वाजता कुकरवर २० टक्के सवलत जाहीर झाली.