एअरबॅगची घरगुती दुरुस्ती : नवशिक्यांसाठी

साहित्य : दहा नंबरचा पाना, स्क्रू-ड्रायव्हर, लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेला मल्टिमीटर, काळी चिकटपट्टी, मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ आणि सोसायटीच्या पार्किंगमधली रविवारची सकाळ. व्हिडिओतल्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडे असेल, ते मनातल्या मनात उजवीकडे घ्यावं. सल्लागार वेगळे शोधावे लागत नाहीत. बॉनेट उघडलं की ते आपोआप लिफ्टने खाली येतात. एअरबॅगसाठी बॉनेट कशाला उघडलं, असं त्यांतलं कुणी विचारणार नाही.

आधी निदान. डॅशबोर्डवर पट्टा लावून बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा, असा एक दिवा असतो. किल्ली फिरवली की तो पेटतो, कंट्रोल युनिट सगळी सर्किटं तपासतं आणि सगळं जागेवर असेल तर काही सेकंदांत दिवा विझतो. तुमचा विझत नाही, म्हणून तर तुम्ही हे वाचताय.

आपल्या भागात याची कारणं साधारण ठरलेली आहेत. जुलैत पायाखालची मॅट ओली होते, तिच्याखालचा गालिचा पाणी पितो आणि पुढच्या सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. (एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर पिवळे ठेवतात ते हात लावू नये म्हणून. आपण ते ‘लगेच सापडावेत म्हणून’ असं वाचतो.) दुसरं कारण उंदीर. तुर्भ्याच्या धान्यबाजाराच्या आसपास राहणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. तिसरं कारण स्टेअरिंगच्या मागच्या चपट्या डबीत असतं. तिच्यात फितीसारखी केबल गुंडाळलेली असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टेअरिंग फिरेल तशी ती उलगडते आणि गुंडाळते. कोपरखैरण्याच्या गल्लीत गाडी लावताना स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा फिरतं ते आठवा. एक दिवस ती तुटते. मग एअरबॅगचा दिवा लागतो आणि त्याच केबलवरचा हॉर्नही बंद पडतो. माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो, पण हॉर्नसाठी. एअरबॅगचं काय, असं मेकॅनिकने विचारलं तर उत्तर येतं, ‘ते बघू नंतर.’

आता पायरी पहिली. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि थांबा. टकरीत बॅटरीचा चुराडा झाला तरी एअरबॅग उघडली पाहिजे, म्हणून कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. तो रिकामा व्हायला कुठल्या गाडीत दीड मिनिट सांगितलेलं असतं, कुठे तीन, कुठे दहा. तुमच्या गाडीला किती, ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे. मॅन्युअल तुमच्याकडे नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका ‘हो गेली असेल एव्हाना’ म्हणतात, तोवर थांबावं.

पायरी दुसरी, मल्टिमीटर. इथे हात शिवशिवतो. एअरबॅगच्या पोटात स्फोटक पेटवणारी बारीक तार असते, तिचा रोध जेमतेम दोन-तीन ओहम. तो मोजायला मीटर स्वतःचा प्रवाह त्या तारेतून सोडतो. प्रवाह सहसा किरकोळ असतो. पण ‘सहसा’वर कुठली कंपनी विसंबत नाही, म्हणून एअरबॅगला थेट मीटर लावू नका, असं मॅन्युअलांत बजावलेलं असतं. कनेक्टर सुटताच त्याच्या आतली छोटी पट्टी दोन्ही पिना एकमेकींना जोडते, तीही अंगावरच्या स्थिर विजेने भडका उडू नये म्हणूनच. आपण नेमकी तीच पट्टी टाचणीने बाजूला सारतो, कारण मीटरची टोकं आत जात नाहीत.

मीटर लावताना तुमचं तोंड स्टेअरिंगपासून वीतभर अंतरावर असतं. एअरबॅग फुगायला एका सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग लागतो, पापणी लवायला त्याहून जास्त. कापड बाहेर येतं ते ताशी 300 किलोमीटरच्या आसपास. पाम बीच रोडवर मध्यरात्री बाइक उडवणाऱ्यांनाही हा वेग जमलेला नाही.

हा वेग मोठ्या, पट्टा लावलेल्या, मागे टेकून बसलेल्या माणसासाठी ठरवलेला असतो. डिसेंबर 2024 मध्ये वाशीत एका अपघातात एअरबॅग उघडली आणि पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा त्या आघाताने गेला. त्या एअरबॅगमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, ती उघडायची तशी उघडली होती. मुलांची जागा मागच्या सीटवर, त्यांच्या मापाच्या आसनात. एवढी दुरुस्ती घरी करता येते.

पायरी तिसरी, आणि सगळ्यांना खरी हवी असते ती हीच : दिवा विझवणे. एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर जोडला की कंट्रोल युनिटची समजूत पटते, दिवा विझतो. खर्च एका कटिंगपेक्षा कमी. याहून सोपं म्हणजे तो दिवाच डॅशबोर्डमधून काढून टाकायचा. एअरबॅग नाही, पण घरात शांतता आहे.

ही पायरी पार्किंगमध्ये शोधली गेलेली नाही. ती गॅरेजमधून आली आहे, आणि ‘घरी करू नका, व्यावसायिकाकडे जा’ एवढं सांगून हे मार्गदर्शन संपवता येत नाही ते त्यामुळेच. मोठ्या अपघातात एअरबॅग, पट्टे ओढणारे प्रिटेन्शनर आणि बहुतेकदा कंट्रोल युनिटही बदलावं लागतं. बिलाचा आकडा पाहून कुणीतरी हळूच म्हणतं, ‘साहेब, स्वस्तात करून देतो.’ मग युनिटमधली अपघाताची नोंद लॅपटॉपवरून पुसली जाते, रेझिस्टर बसतो, डॅशबोर्डचं झाकण नवं लागतं आणि गाडी चकचकीत होऊन विकायला निघते. 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी नामांकित कंपन्यांच्या नावाच्या बनावट एअरबॅगांचा मोठा साठा पकडला. तो माल कुठल्या पार्किंगमध्ये नव्हे, गॅरेजांत जाणार होता.

तेव्हा व्यावसायिक म्हणजे गणवेश घातलेला, एवढं पुरेसं नाही. कामाआधी आणि कामानंतर स्कॅनरवर आलेल्या बिघाडाच्या कोडांची प्रत मागा. काढलेला भाग बघायला मागा, नव्याचं खोकं आणि पार्ट नंबर असलेलं बिल घ्या. ‘कोड मारून दिला’ म्हणजे दुरुस्ती नव्हे. गंजलेली पिन तशीच असेल तर पुढच्या खड्ड्यात दिवा परत येतो. गाडी जुनी असेल तर चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल आहे का, तेही पाहा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेने बिघडायचं आणि उघडताना धातूचे तुकडे उडायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, भारतातूनही. खाडीकाठच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीला हे तपासणं जास्तच लागू पडतं. आणि रिकॉलमध्ये बदलून मिळणाऱ्या भागाचे पैसे पडत नाहीत.

हात शिवशिवतच असतील तर घरी करण्यासारखी कामं आहेत. डॅशबोर्डवर जिथे ‘एसआरएस एअरबॅग’ कोरलंय, नेमकं तिथेच दुहेरी टेपने गणपती बसवलेला असतो. त्या झाकणाखालून स्फोट होणार आहे. बाप्पांना मधल्या भागात हलवा, त्यांची हरकत नसेल. सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी असेल तर तिच्यावर घट्ट शिवलेलं लेदरचं कव्हर काढा. पुढचा लोखंडी गार्ड उतरवा, तो सेन्सरच्या हिशोबात गोंधळ घालतो आणि त्यावर 2017 पासून केंद्राची बंदीच आहे. पट्ट्याची टिकटिक गप्प करणारी क्लिप फेकून द्या. तिची विक्री थांबवायला 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना आदेश दिला, तेव्हा 13,118 जाहिराती उतरवाव्या लागल्या होत्या. पट्टा न लावलेल्याला एअरबॅग वाचवतेच असं नाही, उलट फार जवळून लागते.

1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरसमोर आणि 2021 पासून शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे आता सेकंडहँड बाजारातल्या गाड्यांतही ती सर्रास असते, निदान कागदावर. गाडी घ्यायला जाल तेव्हा टायरला लाथ मारण्याआधी किल्ली फिरवा आणि त्या दिव्याकडे बघा. पेटून काही सेकंदांनी विझला तर पुढचं बोला, आणि तरीही स्कॅनर लावून घ्या, कारण रेझिस्टर डोळ्यांना दिसत नाही. पेटलेलाच राहिला तर खर्च किमतीतून कापून मागा. मुळात पेटलाच नाही तर ती गाडी घेऊ नका.