काटा काही हलेना

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात असताना जाडावला होता. पळून पळून त्याने वजन उतरवलं आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं राष्ट्रकुल रौप्यपदक पटकावलं. आमचे बीडकर त्याचंच नाव घेत पहाटे फिरायला निघतात. सुरुवातीला काटा उतरतो, मग अडून बसतो. बसणारच! देह हलका झाला की त्याला इंधनही कमी लागतं, घास मात्र तेवढेच. वर चालून आल्याचं बक्षीस म्हणून गरम भजी. खापर वजनकाट्यावर, तोही बदलून झाला. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना ही अडचण येत नाही, पण त्यांचा सल्ला विचारतो कोण? मंडळी, पावलं मोजून झाली असतील तर आता भजी मोजा.