दुसऱ्या नंबरचा वकील

पहिल्या नंबरचं कौतुक करायला जगात माणसं रग्गड. दुसऱ्या नंबरसाठी भांडणारा मात्र एखादाच जन्माला येतो, आणि तो नेमका आपल्या शेजारी राहतो.

उत्तनला पातान बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचे असे एक शेजारी आहेत. त्यांचं खरं नाव चर्चच्या रजिस्टरात असेल. गाव त्यांना होम्स अंकल म्हणतं. शाळकरी पोरांना वाटतं की अंकलना गुप्तहेरकथांचा नाद असावा. एका पोराने तर हरवलेली सायकल शोधायला त्यांना घरी नेलं. सायकल मिळाली नाही, पण बॉक्सर लॅरी होम्सचा डाव्या हाताचा जॅब खांद्यातून कसा सुटायचा हे त्या पोराला पाठ झालं.

अंकल सत्तरीपुढचे आहेत. बनियन, गुडघ्यापर्यंतची चड्डी, गळ्यात क्रॉस, आणि जहाजावरच्या नोकरीतून उरलेली एकच टोपी. जहाजावर ते सेकंड कुक होते. "नाव चीफ कुकचं, चव माझी," हे वाक्य ते कुणीही न विचारता सांगतात. आंटींच्या मते सगळ्या रोगाचं मूळ तिथंच आहे.

कट्ट्यावर बसून कुणी कुणाला मोठं म्हटलं की अंकल हातातली जाळ्याची सुई खाली ठेवतात आणि म्हणतात, "मोठा हाय, कोण नाय बोलतो? पण थांब." या "पण थांब"नंतर किमान अर्धा तास जातो. शेवट ठरलेला: "अन्याय झाला रं पोऱ्या, अन्याय!"

कुणी बेदीच्या फिरकीची तारीफ केली, की पद्माकर शिवलकर बाहेर निघतात. प्रथम श्रेणीत 589 बळी आणि कसोटी सामने शून्य. कुणी बाजीरावाचं नाव काढलं, की अंकल चौकच्या टेकडीकडे बोट दाखवतात. तिथं जंजिरे धारावीचे अवशेष आहेत. "1739 साली हितं कोण लढला? वसई कोणी घेतली? चिमाजी अप्पानं! पण सिनेमा कोणावर निघाला?" आपल्या पूर्वजांना बाप्तिस्मा देणाऱ्या पोर्तुगिजांनाच चिमाजीने इथून हुसकावलं, हा तपशील अंकलना आड येत नाही. धाकटा भाऊ म्हटला की अंकल त्याच्या बाजूने उभे, मग पलीकडे पोर्तुगालचा राजा असो.

2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, त्या दिवशी तर अंकल जेवले नाहीत. "पापलेट हाटेलात जातो, परदेशात जातो. आणि बोंबील? या किनाऱ्याची पोरं कोणाच्या पैशावर शिकली? दांड्यांवर कोण वाळतोय वर्षानुवर्षं?" बांबूच्या दांड्यांवर तोंडात तोंड अडकवून लटकलेले बोंबील हे सगळं मुकाट ऐकत होते. आंटींनी रात्री मुद्दाम पापलेट तळलं. अंकलनी ते दुसऱ्या दिवशी खाल्लं, पण निषेध नोंदवून.

वेलंकनी मातेच्या सणाला सप्टेंबरात इथं माणसांचा पूर येतो. सगळ्यांच्या मेणबत्त्या माउलीपुढे. अंकल एक मेणबत्ती वेगळी काढून ठेवतात, ती संत योसेफासाठी. "बापड्यानं एवढा संसार सांभाळला. सगळ्या बायबलात त्याच्या तोंडी एक शब्द नाय." फादरनाही यावर काही बोलता येईना, कारण मुद्दा खरा होता.

पण ही सगळी किरकोळ प्रकरणं. अंकलचा आयुष्यभराचा खटला एकच: लॅरी होम्स.

खटल्याची सुरुवात जहाजाच्या मेसमध्ये झाली. कुणीतरी व्हिडिओ कॅसेट आणली होती. सगळ्यांनी ती मुहम्मद अलीसाठी लावली. अंकलचं लक्ष समोरच्या माणसावर गेलं. हा ईस्टन नावाच्या गावचा पोरगा, सातवीत शाळा सोडून गाड्या धुणारा, पुढे अलीच्या सरावाला समोर उभा राहून मार खाणारा. अलीच्या ठोशाने डोळा काळानिळा झाला, तर म्हणे त्यावर बर्फ लावू देईना. अलीची निशाणी होती ना ती! "सरावाचा जोडीदार म्हणजे काय? सेकंड कुक!" अंकल सांगतात, आणि तिथून पुढे लॅरीचं काय आणि अंकलचं काय हे वेगळं करणं अवघड होतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी शिवत बसलेली असतात. अंकलच्या कोर्टाचं हे मुख्य सत्र. पुराव्याला एक फुगलेली वही आहे. पहिला पुरावा 9 जून 1978: केन नॉर्टनशी पंधरा राउंड, चौदा राउंडअखेर दोघे बरोबरीत, आणि डाव्या दंडाला दुखापत असताना शेवटचा राउंड लॅरीने काढला. दुसरा पुरावा 1979: अर्नी शेव्हर्सच्या उजव्या हाताने सातव्या राउंडला लॅरी आडवा झाला. इथे अंकल स्वतः पुढे झुकतात, डोळे पांढरे करतात आणि श्रोत्यांच्या अंगावर पडता पडता सावरतात. "उठला! आणि अकराव्यात त्यालाच संपवला!" तिसरा पुरावा 1982: गेरी कूनी. गोऱ्यांची आशा म्हणून त्याला डोक्यावर घेतलेला, वातावरण इतकं तापलेलं की छपरांवर बंदूकधारी पोलीस. लॅरीने तेराव्यात निकाल लावला. हेवीवेट किताबाचं रक्षण सलग वीस वेळा. "त्याच्यापेक्षा जास्त कोणाचं? जो लुईचं, पंचवीस. मधे कोण नाय."

पाऊस सरला की प्रात्यक्षिकासाठी अंकल वाळत घातलेल्या बोंबलांसमोर उभे राहतात. डावा हात सटकन पुढे, सटकन मागे. हेवीवेट इतिहासातल्या उत्तम जॅबांत होम्सचा जॅब जाणकारही धरतात. अंकलच्या जॅबने मात्र आजवर चार-पाच बोंबील आणि एक मांजर एवढेच हलले आहेत.

अलीकडे कट्ट्यावर एक जिमला जाणारा पोरगा येऊ लागलाय. त्याच्याकडे मोबाइल, आणि मोबाइलमध्ये सगळे आकडे. तो म्हणाला, "अंकल, होम्सच्या वेळेला समोर होतं कोण? फ्रेझर संपलेला, फोरमन निवृत्त. आणि 1983 ला विदरस्पूनविरुद्धचा निकाल तर वादातच हाय."

कट्टा गप्प झाला. अंकलनी चष्मा पुसला.

"विदरस्पूनच्या टायमाला," ते गंभीरपणे म्हणाले, "लॅरीचं पोट बिघडलेलं."

याचा पुरावा वहीत नाही. पण चांगला वकील अशिलाचा कमकुवत मुद्दा कधी कबूल करतो? पोराला मात्र अंकलनी नंतर बोलावून चहा पाजला. समोर कुणी वाद घालणारा असल्याशिवाय वकिली चालत नाही, एवढी समज त्यांना आहे.

सगळ्यात दुखरी तारीख 21 सप्टेंबर 1985. लॅरी तोवर 48 लढती जिंकलेला, हार एकही नाही. आणखी एक जिंकली की रॉकी मार्सियानोच्या 49ची बरोबरी. तीस वर्षांपूर्वी याच तारखेला मार्सियानोने आपली शेवटची लढत जिंकली होती. आणि त्या रात्री खालच्या वजनगटातून वर आलेल्या मायकेल स्पिंक्सने गुणांवर होम्सला हरवलं. रागाच्या भरात लॅरी मार्सियानोबद्दल नको ते बोलून गेला. लोकांना वीस किताबरक्षणं आठवली नाहीत, ते एक वाक्य आठवलं. "तोंडानं घात केला," अंकल म्हणतात. आंटी आतून ओरडतात, "मग तुम्ही तरी शिका!"

ईस्टनची गोष्ट दर वर्षी वाढत जाते. जहाज फिलाडेल्फियाला लागलं असताना अंकल लॅरीचं गाव बघायला निघाले होते. पहिल्या आवृत्तीत त्यांनी गाव लांबून पाहिलं. पुढच्या आवृत्तीत पुलावरून नदी पाहिली. परवाच्या आवृत्तीत ते लॅरीच्या दारापर्यंत पोचले होते. "बस चुकली आणि संध्याकाळी जहाजावर परत आले," आंटींनी खालच्या आवाजात आम्हाला सांगितलं. "पण बोलू दे. एवढं एकच तर राहिलंय."

अलीविषयी मात्र अंकल वाईट शब्द ऐकून घेत नाहीत. त्या जिमवाल्या पोराला वाटलं होतं की अलीला नावं ठेवली की म्हातारा खूश होईल. म्हणाला, "अली नुसता तोंडाचा." अंकल उठून उभेच राहिले. "1967 ला किताब घालवला त्यानं, लढाईला जाणार नाय म्हणून! साडेतीन वर्षं ऐन उमेदीची गेली. तोंडाचा म्हणे! जानेवारी 1980 ला दिल्लीत आला तेव्हा आपला कौर सिंग त्याच्यासमोर उभा राह्यला. कौर सिंग कोण, माहिती हाय तुला?" पोराने मोबाइल काढला. "बघ, बघायला लागतंय! 1982च्या एशियाडमधला हेवीवेटचा सुवर्णपदकवाला, आणि बघायला लागतंय. अन्याय हाय की नाय?"

अली दिल्लीत आला त्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1980ला, लास व्हेगासला होम्सने त्याला हरवलं. अली 38 वर्षांचा, थकलेला, हात वर होईनात. दहा राउंड त्याने नुसते खाल्ले. एकाही पंचाने त्याला एक राउंड दिला नाही. होम्स मारताना रेफरीकडे बघत होता, थांबवा म्हणून. शेवटी अलीच्याच कोपऱ्यातून अँजेलो डंडीने लढत थांबवली. जिंकलेला होम्स नंतर रडला. ही लढत अंकल जॅब न दाखवता, बसूनच सांगतात.

ते का, हे मला आंटींकडून कळलं. अंकलचे थोरले भाऊ गावातले नावाजलेले नाखवा. होडी त्यांची, मान त्यांचा, लग्नात पहिली खुर्ची त्यांची. कॅरमलाही सगळ्या बंदरात त्यांचा हात धरणारा नव्हता. धाकट्याला तर जन्मात त्यांच्यावर बोर्ड करता आला नाही. पुढे थोरल्याची नजर अधू झाली. एका संध्याकाळी अंकल त्यांना हरवून आले. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन कोपऱ्यात बसले, ताट तसंच सारलं. "मी म्हटलं, जिंकलात ना? तर बोलले, दिसत नव्हतं गं त्याला, राणी कुठं हाय ते." दुसऱ्या दिवसापासून थोरला जाईपर्यंत अंकल रोज बोर्ड घेऊन जायचे आणि रोज हरून यायचे. नजर अधू झालेल्या माणसाकडून रोज, त्याला कळू न देता, हरायला हात केवढा बसलेला लागतो, हे कॅरम खेळणाऱ्यालाच ठाऊक. नाखव्याच्या मयताला गाव लोटलं, भाषणं झाली. धाकटा मागच्या रांगेत होता. त्या वेळी मात्र "पण थांब" म्हणाला नाही.

होम्सनेही पुढं नको तितकं लांबवलं म्हणा. 1988 साली टायसनने चौथ्या राउंडला पाडलं. पंचाहत्तर लढतींत मुदतीआधी हरला तो तेवढाच एकदा. पन्नाशी उलटल्यावर, 2002 साली, शेवटची लढत खेळला आणि तीही जिंकला. हिशेब 69 जय, 6 पराजय. या सहाही पराजयांची कारणं वहीत लिहिलेली आहेत. त्यांत टायसनपुढे "वय", आणि स्पिंक्सपुढे दोन्ही वेळा "पंच" असा शेरा आहे.

मी एकदा सरळच विचारलं, "अंकल, खरं सांगा. मोठा कोण? अली की होम्स?"

ते बराच वेळ जाळ्याच्या गाठी घालत राहिले. "अली," म्हणाले. "ते काय विचारायचं? पण अलीला माझी गरज नाय रं. त्याचं सांगायला सगळी दुनिया हाय."

एवढं झाल्यावर मी त्यांना सांगून टाकलं की मी तुमच्यावर लिहितोय. अंकल खूश झाले, वही दिली, दोन तारखा तपासूनही दिल्या. मग विचारलं, "अंकात कितव्या पानावर येणार?" मी म्हटलं, पहिलं पान एका मोठ्या लेखकाला दिलंय, आपलं मागे कुठेतरी. अंकलच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली. जाळ्याची सुई खाली ठेवून ते म्हणाले, "तो लेखक मोठा हाय, कोण नाय बोलतो? पण थांब..."

परवापासून त्यांनी माझी केस घेतली आहे.