पिकअपतज्ज्ञ

पिकअपतज्ज्ञ हा कोल्हापुरात पेठोपेठी आढळणारा, बहुधा चाळिशी ओलांडलेला आणि नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा गृहस्थ. त्याचं स्वतःचं गॅरेज नसतं. ऐन उमेदीत शिवाजी उद्यमनगरात दोन-चार महिने लेथवर काढलेले असले, की तेवढा अधिकार जन्मभर पुरतो.

त्याचं सगळं शास्त्र एका शब्दावर उभं आहे. इंग्रजीत 'पिक अप' हे क्रियापद उचलणं, वाटेत कुणाला घेणं, जाता-येता काही शिकणं, वेग धरणं अशी नाना कामं करतं. कोल्हापुरात त्याचं नाम झालं आणि दिमतीला 'घेणे' आलं. गाडी पिकअप घेते किंवा घेत नाही. गुळाच्या ढेपा मार्केट यार्डात नेणारं वाहनही पिकअपच, आणि पाहुण्यांना स्टँडवरून आणणं म्हणजे पिकअप करणं. त्यामुळे 'पाव्हण्यास्नी पिकअप कराय पिकअप काढली, पर पिकअपच घीना' हे वाक्य इथं कुणालाही अडत नाही.

निदानाची पद्धत ठरलेली असते. आधी 'रेस कर' असा हुकूम, मग डोळे मिटून श्रवण, मग निकाल: 'कार्बुरेटरला कचरा हाय.' तो साफ करूनही फरक पडला नाही, तर प्लगवरची काजळी, तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेल्या क्लचप्लेटा या क्रमानं संशय सरकतो. अंतिम परीक्षा जोतिबाच्या चढाला, डबलशीट. तिथं गाडी दमली तर दोष इंजिनाचा. मागच्या शीटवर तो स्वतः बसलेला असतो, हा मुद्दा गौण.

माणसांनाही हीच मोजपट्टी. दहावीत गचकलेलं पोरगं 'बारावीला पिकअप घील'. खासबागेत सुस्त दिसणारा पैलवान 'गरम हुईस्तोवर पिकअप न्हाई'. तिशी उलटूनही लग्न न जमलेल्याचा 'चोकच उशिरा वढला'.

१ एप्रिल २०२० पासून धुराचं बीएस-६ मानक आलं, बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बुरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन बसलं. तेव्हा त्यानं 'सेन्सर' हा शब्द भरती करून घेतला. तो नेमका कुठं असतो, हे त्याला कुणी विचारत नाही. खरी पंचाईत विजेच्या स्कूटरनं केली. तिची मोटर जागेवरूनच पुरा जोर लावते आणि आवाज जवळजवळ करतच नाही. रंकाळ्याला एक चक्कर मारून आल्यावर निकाल मिळतो: 'पिकअप हाय. पर ऐकू यीत न्हाई, मग असून काय उपेग?'