जॅक्सन मंडळींची भानगड

"काकू, भाचा पोचला का हो?"

"पोचला की! जॅक्सनव्हिलला, फ्लोरिडात. तो निघाल्यापासून नकाशा घेऊनच बसलेय मी."

"हे जॅक्सन कोण?"

"जॅकचा मुलगा तो जॅक्सन, एवढंच मूळ. आणि जॅक म्हणजे जॉनचं लाडाचं नाव. पण गाव ज्याच्या नावाचं, त्या अँड्र्यू जॅक्सनच्या बापाचं नाव जॅक नव्हतंच. तोही अँड्र्यूच! पोराच्या जन्माआधीच गेला बिचारा, 1767 साली."

"म्हणजे कुठल्या तरी खापरपणजोबाचा जॅक चिकटला तो चिकटलाच."

"तर काय! आणि गावाचं आधीचं नाव काऊफोर्ड. गुरं तिथून नदी ओलांडायची म्हणून. 1821 मध्ये हा अँड्र्यू फ्लोरिडाचा लष्करी गव्हर्नर झाला, जेमतेम काही महिने. पण 1822 मध्ये गाव लागलं याच्या नावाला."

"मिसिसिपीची राजधानी जॅक्सन, तीही याचीच?"

"याचीच. आणि ते तर ऐकवत नाही, वहिनी. जमीन तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची. 1820 च्या करारात यानंच पुढे होऊन ती लिहून घेतली. पुढच्याच वर्षी तिथं राजधानी ठरली, वर नावही याचंच. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1830 मध्ये कायदा करून अशा कितीतरी लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं."

"अगंबाई! मग सिडनीचं बंदर पोर्ट जॅक्सन, तेही याचंच का?"

"छे! ते 1770 मध्ये कॅप्टन कुकनं ठेवलं, नौदल खात्यातल्या जॉर्ज जॅक्सन साहेबासाठी. तेही आत न शिरता, बाहेरून जाता जाता."

"वरच्यांची मर्जी राखायची, दुसरं काय!"

"पुढची गंमत ऐका. 1797 मध्ये त्या साहेबानं सासुरवाडीच्या इस्टेटीपायी आडनावच बदललं. झाला डकेट!"

"म्हणजे बंदर जॅक्सन आणि साहेब डकेट!"

"आणि वायोमिंगचं जॅक्सन होल तिसऱ्याच जॅक्सनचं. कातड्यासाठी बीव्हर पकडत हिंडायचा तो."

"सगळे भाऊबंद?"

"कसले भाऊबंद! घरोघरी जॅक, म्हणून घरोघरी जॅक्सन. तेव्हा वहिनी, नकाशावर जॅक्सन दिसलं की आधी विचारायचं, कुठला जॅक्सन? आणि लगेच दुसरं विचारायचं, त्याच्याआधी तिथं कोण राहत होतं?"